चाक बोललं पाहिजे

पुस्तकात लिहिलं होतं, 'चाकं बसवणे. लागणारा वेळ : वीस मिनिटं.'

जीवराम वारके यांनी ते वाक्य तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यांदा म्हणाले, "घ्या! वीस मिनिटांचं काम राह्यलं फक्त. चहा टाका, पिऊन लगेच आटपतो." हा दिवस धुळवडीचा. चाकं बसली ती अक्षय्य तृतीयेच्या, आमच्या आखाजीच्या, तोंडावर. म्हणजे मध्ये सात आठवडे गेले, आणि तेवढ्यात किती चहा झाले हे त्यांच्या बायकोनं, प्रमिलाबाईंनी, नंतर साऱ्या कॉलनीत इतक्या वेळा सांगितलं की आपण पुन्हा सांगायला नको.

आता चाकं कशाची, ते सांगितलं पाहिजे. ट्रॅक्टरची असती तर जळगावच्या पिंप्राळ्यात कुणी मान वळवून बघितलं नसतं. ही चाकं विमानाची होती. खऱ्या, माणूस आत बसून उडवतो त्या विमानाची. जीवरामभाऊंचा भाचा अमेरिकेत. तिकडे म्हणे हौशी लोक विमानाचे सुटे भाग आणून घरच्या घरी जोडतात. त्यानंही आणले. मग त्याचं लग्न ठरलं, आणि होणाऱ्या बायकोनं एकच प्रश्न विचारला, "हे राहणार की मी?" भाच्यानं फार विचार केला नाही. पाच खोकी जहाजावर चढवली आणि मामाच्या पत्त्यावर लावून दिली. इकडे मामा पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असं लिहून नुकतेच निवृत्त झालेले. अशा माणसाच्या दारात आयतं विमान येऊन पडल्यावर त्यानं काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा.

जीवरामभाऊंनी ते जोडलं. दोन वर्षं लागली, पण जोडलं. धड झालं, खालच्या चिमुकल्या चाकासकट शेपूट झालं, ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्याचे दोन लांबलचक पंख झाले. इंजिन मागाहून बोटीनं यायचं होतं. राहिली फक्त पुढची दोन चाकं, आणि तोवर विमान अंगणातल्या निंबाखाली विटांच्या थप्प्यांवर बसून होतं.

नेमकं इथंच दुखणं होतं. कारण त्या निंबाला दरवर्षी आखाजीला झोका बांधला जाई. आखाजीला खान्देशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. त्यात कुणाची सबब चालत नाही. मागच्या आखाजीला झोका बांधला, तर सुनंदाचे पाय दर हेलकाव्याला विमानाच्या शेपटाला लागत होते. लेक बिचारी काही बोलली नाही. तिची आई मात्र तेव्हापासून बोलतच होती.

"ह्या आखाजीले माही पोरगी झोका घेईल तर मोकळ्या अंगणात," प्रमिलाबाईंनी धुळवडीच्या दिवशीच सांगून टाकलं. "तोवर ते तुमचं इमान चाकावर उभं राहून अंगणाबाहेर गेलं तर ठीक. नाही तर अभिमनले बोलावणं धाडलं हाये मी. त्याच्या गोठ्यावरचे पत्रे गेले मागच्या वादळात. दोन्ही पंख बराबर बसतात, माप घेऊन गेला तो."

अभिमन म्हणजे प्रमिलाबाईंचा धाकटा भाऊ, पहूरचा. संक्रांतीला आला तेव्हा तो पंखांवरून मोठ्या मायेनं वीत फिरवत होता, ते जीवरामभाऊंनी पाहिलं होतं. कौतुक करतोय असं त्यांना वाटलं होतं. मेहुण्याचं प्रेम हे असं असतं.

तसा प्रमिलाबाईंचा विमानाला सरसकट विरोध होता असं म्हणता येणार नाही. पंखांवर वाळवण फार छान वाळे. पत्रा दुपारी इतका तापे की सकाळी घातलेले ज्वारीचे बिबडे तिसऱ्या प्रहरी कुरकुरीत. डाव्या पंखावर वारक्यांचे बिबडे, उजव्यावर शेजारच्या कुरडया आणि शेपटावर कुणाच्या तरी मिरच्या, असं ते विमान चैत्रभर भरलेलं असायचं. जीवरामभाऊंना हातात पाना घेऊन पंखाखाली शिरायचं तर आधी वर विचारावं लागे, "येऊ का?"

त्यात नगरपालिकेची नोटीस आली. 'आपल्या मालमत्तेत विनापरवाना बांधकाम केल्याचे व सदर बांधकाम कंपाऊंडच्या भिंतीबाहेर पाच फूट दोन इंच गेल्याचे निदर्शनास आले आहे.' ते बांधकाम म्हणजे उजवा पंख. तक्रारीचा अर्ज कुणी केला कळलं नाही. शेजारचे रुपचंदभाऊ मात्र कुणी न विचारताच "मी नाही हं" असं सांगून गेले.

नोटीस घेऊन आलेले ओव्हरसियर पितांबर भाऊसाहेब सज्जन गृहस्थ होते. त्यांनी टेप लावून पंख मोजला, विटांच्या थप्प्या मोजल्या, दिलेला बिबडा खाल्ला आणि म्हणाले, "वारके साहेब, तुम्ही खात्यातले. तुम्हाला काय सांगायचं? विटांवर उभं आहे तोवर नियमानं हे बांधकामच. चाकांवर उभं राहिलं, ढकललं की हललं, तर ते वाहन. मग माझा काही संबंध नाही. आखाजीच्या दिवशी मुदत संपते. मी येतो."

राहता राहिले धुळ्याचे लोटन आप्पा. हे विमानदलातून निवृत्त झालेले. हुद्दा काय होता कोण जाणे, पण धुळ्यात विमान चालवता येणाऱ्या माणसाला कॅप्टन म्हणतात. आखाजीला मुलीला माहेरी न्यायला त्यांचं जळगावला येणं होतं. विमान धुळ्याच्या धावपट्टीवर नेणं, कागदपत्रं, पहिलं उड्डाण, सगळं आपण बघू असं त्यांनी कबूल केलं होतं. अट एकच.

"भाऊ, तुमनं इमान पंख लावेल, सवताना चाकवर, शंभर पावलं सरळ चालनं पायजे. चालनं ते मी बठसू. नही ते मी मनी टोपी बी मझार ठेवाव नही." चाललं नाही, तर आप्पा स्वतः बसणं दूरच, आपली टोपीसुद्धा आत ठेवणार नव्हते.

म्हणजे बघा. बायको, नगरपालिका आणि कॅप्टन, तिघांनी एकच दिवस दिला, आणि तिघांचीही गाडी चाकांवर येऊन अडली. जिंकलं तर विमान धुळ्याला, हरलं तर पहूरच्या गोठ्यावर.

चाकं मुळात जळगावात शिरतानाच अडली होती. ती भाच्याच्या गराजमध्ये राहिली, मागाहून वेगळी आली. जकात नाक्यावरच्या कारकुनानं खोकं उघडून बघितलं, मग यादीचं पुस्तक उघडून बघितलं. त्यात बैलगाडी होती, हातगाडी होती, सायकल होती, विमान नव्हतं. "विमान असं लिहिता येणार नाही साहेब. रकानाच नाही." जीवरामभाऊ बत्तीस वर्षं रकान्यांत जगलेले, त्यांना त्या माणसाची अडचण मनापासून पटली. चाकं लहान होती, टायर गुबगुबीत होते. कारकुनानं बराच विचार करून पावती फाडली : 'बाबागाडीची सुटी चाकं, नग दोन.' जीवरामभाऊंना ते फार लागलं. तरी पावती त्यांनी जपून फायलीत लावली. सरकारी कागद तो सरकारी कागद.

असो. तर धुळवडीला चहा पिऊन जीवरामभाऊंनी पहिलं चाक उचललं आणि आखाच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, टोकावर ठेवलं. ते गेलंच नाही. फिरवलं, दाबलं, गुडघा लावला. छे! दुसऱ्या बाजूला तोच प्रकार. पुस्तक म्हणत होतं, 'चाक हातानं अलगद सरकवावे.'

पुस्तक खोटं नव्हतं. वारके घराण्यात मात्र लोखंड उघडं ठेवायची रीत नाही. फाटक, खिडक्यांचे गज, पाण्याच्या टाकीची शिडी, दर दिवाळीला सगळ्याला हिरवा ऑइल पेंट बसतो. जीवरामभाऊंच्या वडिलांनी तर एकदा कुलूपही रंगवलं होतं, ते अजून उघडलेलं नाही. त्याच संस्कारानं जीवरामभाऊंनी मागच्या दिवाळीत फाटकाचा उरलेला रंग विमानाच्या आखांना दिला होता. एक नव्हे, दोन हात. वर पावसाळ्याच्या भीतीनं तिसरा. अमेरिकेतल्या पुस्तकवाल्याला हे कसं सुचावं?

पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तेवढ्यात भिंतीवरून रुपचंदभाऊंचं डोकं वर आलं होतं. रुपचंदभाऊ वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तीस वर्षं फिटर. हात सोन्याचा, यात शंका नाही. अडचण एकच होती. त्यांना नोकरीत घातलेली गुप्ततेची शपथ ते निवृत्तीनंतरही पाळत.

"जीवरामभाऊ, हे आम्ही तिथं रोज करायचो," ते म्हणाले.

"मग सांगा ना, कसं करायचे?"

"ते सांगता येत नाही." रुपचंदभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. "पण समजा, एखाद्यानं चाकातलं बेअरिंग तापवलं. तापलं की ते फुगतं. आणि समजा, त्याच वेळी आखाला बर्फ लावला. तो आक्रसतो. मग काय होईल? मी काही बोललो नाही हं."

तापवायचं कशात, तर तेलात. तेल कशात, तर कढईत. प्रमिलाबाई दुपारच्या झोपल्या होत्या. त्यांची कुरडया तळायची मोठी कढई, शेंगदाण्याचं तेल आणि गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ, एवढ्या सामग्रीनिशी दोघांनी ओट्यापाशी कामाला सुरुवात केली. बेअरिंग तळून चांगलं खरपूस झालं. चिमट्यात धरून रुपचंदभाऊ स्वयंपाकघरातून अंगणात धावले. बेअरिंग आखावर गेलं. जीवरामभाऊंनी "जय हो" अशी आरोळी ठोकली, आणि ते अर्ध्यावर थांबलं. तिथंच गार झालं. तीन थरांच्या हिरव्या रंगात असं घट्ट रुतलं की ओढलं तर विमान हलायचं, बेअरिंग नाही.

आरोळीनं प्रमिलाबाई जाग्या झाल्या होत्या. त्या दारात उभ्या राहून आधी कढईकडे, मग चिमट्याकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"माह्या कढईत काय तळू राह्यले तुम्ही?"

"बेअरिंग," जीवरामभाऊ म्हणाले.

"ते सांगता येत नाही," रुपचंदभाऊ त्याच दमात म्हणाले आणि भिंतीवरून पलीकडे गेले. साठीच्या माणसानं इतक्या चपळाईनं भिंत ओलांडलेली कॉलनीत कुणी पाहिली नव्हती.

ते बेअरिंग निघायला पाच आठवडे लागले. निघताना हिरव्या रंगाचं जाड सालपट सोबत घेऊन निघालं, तेव्हा सगळा उलगडा झाला. "अहो, रंग होता! नुसता रंग!" जीवरामभाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच पायी दुकानातून कानस आणली आणि आख घासायला बसले. घासायला बसलं की माणसाचं भान जातं. बत्तीस वर्षं त्यांनी हातानं असं काही केलं नव्हतं. पेन्सिलीला टोक काढायचं कामसुद्धा शिपाई करायचा. ते दोन दिवस घासत राहिले. रंग गेला, रंगाखालचं गेलं, आणि तिसऱ्या दिवशी चाक अलगद आत सरकलं. इतकं अलगद, की गेलं तसंच अलगद बाहेरही आलं. हात लावला की चाक आखावर डुलत होतं.

आता मात्र जीवरामभाऊंचा धीर सुटला. आखाजीला आठ दिवस राहिले होते. भर दुपारी ते विमानात चढले आणि रिकाम्या पाटीसमोर, जिथं पुढे घड्याळं नि काटे बसायचे होते तिथं, बसून राहिले. डाव्या पंखावर बिबडे वाळत होते. या पंखाखाली उद्या म्हशी बांधणार, असं मनात आलं आणि त्यांना भडभडून आलं. आयुष्यात एक गोष्ट आपण दुसऱ्याला सादर न करता स्वतः पुरी करायला निघालो होतो, तीही चाकावर येऊन अडावी! प्रमिलाबाई बिबडे उलटवायला आल्या होत्या. त्यांनी पाहिलं. थोड्या वेळानं चहाचा कप पंखावर ठेवून गेल्या, आणि संध्याकाळी त्यांनीच जुन्या गावठाणातून झिपरू नानाला बोलावणं धाडलं.

झिपरू नाना म्हणजे गाड्यांचे सुतार. सत्तरी उलटलेली. पिंप्राळा शहरात जमा व्हायच्या आधीपासून पंचक्रोशीतल्या बैलगाड्यांची चाकं त्यांनी भरलेली. नाना विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. पंखांकडे त्यांनी बघितलंही नाही. खाली बसले, चाक हलवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"कोणी घासला हा आख?"

"मीच," जीवरामभाऊ मान खाली घालून म्हणाले. "सैल झाला जास्त."

"सैल? जीवराम, अरे बराबर झाला! इतका बराबर तर माह्या पोराले जमत नाही. चाक आखात खेळलं पाहिजे. खेळलं तर बोलतं. बोलतं त्या गाडीचा बैल थकत नाही. मुकी गाडी अन् मुकी सून, घरात काय चाललं कळत नाही."

दोन वर्षांत जीवरामभाऊंच्या कामाला कुणी पहिल्यांदाच शाबासकी दिली होती. त्यांनी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. पुस्तकात लिहिलं होतं की नट इतका आवळावा की चाक मुळीच डुलू नये आणि तरी मोकळं फिरावं. पण पुस्तकवाल्यानं कधी बैल हाकला होता?

नानांनी आपल्या पद्धतीनं चाकं भरली. एरंडीचं तेल आणि जुन्या चिंध्यांची राख घोटून वंगण केलं, ते बेअरिंगमध्ये बोटानं चोपडलं. नटाखाली कातड्याच्या चकत्या घातल्या. नट फिरून निघू नये म्हणून अमेरिकेतून आलेली पिन नखाएवढी होती, नानांनी ती पाहून "ही नथ कोणाची?" असं विचारलं, आणि तिच्या जागी घरून घडवून आणलेली लोखंडी खीळ ठोकली. मग विटा काढल्या. विमान आपल्या पायांवर उभं राहिलं. जीवरामभाऊंनी एक बोट लावून ढकललं, तर ते चाललं! आणि चालताना दोन्ही चाकं बोलली. टक, टक, टक, टक.

आखाजीच्या दिवशी सारी कॉलनी अंगणात लोटली. सुनंदा आदल्याच दिवशी आली होती, झोक्याचा दोर तिच्या हातात तयार होता. ओव्हरसियर पितांबर भाऊसाहेब वही घेऊन आले. अभिमन आला तो बैलगाडी घेऊनच, पंख वाहून न्यायला. शेजारच्या गावी यात्रेत बैलांच्या शर्यती होत्या, तिथं त्याची हरण्या-खंड्याची जोडी पहिली आली होती. बैलांच्या शिंगांवरचा गुलाल अजून ताजा होता.

आणि लोटन आप्पा आले. त्यांनी चाक धरून हलवलं, आणि चाकानं त्यांना जवाब दिला. टक.

"भाऊ," आप्पा गंभीर झाले, "हाई बठ्ठं हाली ऱ्हायनं. हाई चाक बोली ऱ्हायनं!"

"बोलणारच!" झिपरू नाना पुढे झाले. "साठ वरसं मी बोलतीच चाकं केली."

"आप्पा, शंभर पावलं," जीवरामभाऊंनी हात जोडले. "तुमचीच अट. सरळ चाललं नाही, तर मी स्वतः पंख सोडून अभिमनच्या गाडीत ठेवतो."

आप्पांनी त्या हातांकडे पाहिलं. हाताला पट्ट्या होत्या, नखांत हिरवा रंग होता. "बरं," ते म्हणाले. "चालाडा."

चालवणार कसं? इंजिन नव्हतं. माणसांनी ढकललं तर माणसं वाकडी ढकलतात, ते आप्पांना मान्य नव्हतं. तेव्हा अभिमननंच, आपण काय करतोय याचा पुरता विचार न करता, बैल सोडून आणले. मागचं तारेचं कुंपण उघडलं. पलीकडे पडीक शेत होतं, उन्हानं फरशीसारखं कडक झालेलं. विमान तिथं काढलं आणि लांब सोलानं, म्हणजे जाड दोरानं, जोखडाला बांधलं. समोरून वैशाखातला दुपारचा वारा सुटला होता, पदर आणि टोप्या धरून ठेवाव्या लागत होत्या.

"मझार कोनी तरी बठा," आप्पा म्हणाले. "वजन पायजे. हलकं मानूस."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. जीवरामभाऊंचं वजन शंभर किलोच्या घरात होतं. रुपचंदभाऊंनी आपल्याला बसता येत नाही, कारण सांगता येत नाही, असं सांगितलं. तेवढ्यात हातात पूजेचं ताट घेतलेल्या प्रमिलाबाई पुढे आल्या. त्यांनी चाकांना हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पदर खोचला.

"मी बसते. नव्या गाडीत घरची बाई आधी बसते. पाहू तर खरं, सात आठवडे काय केलं ते."

"अगं, पण—"

"गोठ्यावर गेलं तर मंग कधी बसू?" त्या म्हणाल्या आणि ताटासकट आत जाऊन बसल्या.

नारळ फुटला. अभिमननं बैलांना हलकेच चुचकारलं. लिंबं चिरडली, विमान चालू लागलं. आप्पा पंखाचं टोक धरून सोबत चालत होते. दहा पावलं. वीस पावलं. सरळ, अगदी सुतात! टक, टक, टक, टक. जीवरामभाऊ मागून चालत पावलं मोजत होते आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

गडबड झाली ती तिथं. हरण्या-खंड्या आयुष्यभर शर्यतीच्या छकड्याला जुंपलेले. छकड्याचं चाक बोलतं, आणि ते बोलू लागलं की पळायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं. तिसाव्या पावलाला हरण्यानं कान टवकारले. मागं चाक बोलत होतं. चांगलं, झिपरू नानाच्या हातचं. त्यानं खंड्याकडे पाहिलं, आणि दोघांनी शेपट्या वर केल्या.

"हो! हो! हो!" अभिमन ओरडला, पण कासरा त्याच्या हातातून केव्हाच गेला होता. बैल सुटले. आप्पांच्या हातून पंख सुटला, डोक्यावरून टोपी उडाली. टकटकटकटक, चाकांचा असा ताशा लागला की सगळी माणसं बोंबलत मागे धावली. सर्वांत पुढे जीवरामभाऊ होते. "थांबवा! अरे माझी बायको आहे आत! विमान गेलं खड्ड्यात, तिला थांबवा!"

आणि एकाएकी चाकं गप्प झाली.

"चाक मुकं झालं!" झिपरू नाना किंचाळले. "काही तरी मोडलं!"

काही मोडलं नव्हतं. चाकं जमिनीला लागतच नव्हती. बैल खाली धावत होते, समोरून वारा पंखाखाली शिरला होता, आणि विमान जमिनीपासून हातभर वर, अगदी सरळ, निवांत चाललं होतं. पंखावरचे दोन विसरलेले बिबडे तेवढे मागे उडून आले. जीवरामभाऊ धावता धावता थांबले. चाळीसेक पावलं ते असं गेलं असेल. मग हलकेच खाली टेकलं, टक, आणि पुन्हा बोलू लागलं. शेताच्या टोकाला कडब्याची गंजी लागली तसे बैल थांबले आणि शर्यत जिंकल्यागत कडबा खाऊ लागले.

सगळे धापा टाकत पोचले. प्रमिलाबाई आत ताठ बसल्या होत्या. कपाळभर, केसभर, सगळीकडे कुंकू सांडलं होतं, पण ताट हातात सरळ होतं. त्या काहीच बोलत नव्हत्या. तीस वर्षांच्या संसारात जीवरामभाऊंनी हे प्रथमच पाहिलं.

"लागलं का कुठं? अगं, बोल ना!"

लोटन आप्पा मागून आले. त्यांनी वाटेत टोपी शोधली होती. त्यांनी दोन्ही चाकं निरखून पाहिली, मागे वळून रेघ पाहिली. मातीत चाकांची सरळ रेघ होती, मग चाळीस पावलं काहीच नव्हतं, मग पुन्हा सरळ रेघ. आप्पांनी टोपी झटकली, हात आत घातला आणि ती हळूच सीटच्या कडेला ठेवली.

"पन भाऊ," ते म्हणाले, "धुळाले नेवाना आगोदर ती खीळ काढ. पुस्तकमझार शे तशी पिन लाव. माले म्हतारपनमा बोलनारं चाक नको."

पितांबर भाऊसाहेब वही उघडून उभे होते. वाहन म्हणून नोंद करायला कागद लागत होता, आणि त्या विमानाचा कागद म्हणून जळगावात एकच होता. जीवरामभाऊंनी फायलीतून पावती काढून दिली. भाऊसाहेबांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि शांतपणे लिहिलं : 'समक्ष पाहणी केली. सदर जागी बांधकाम आढळून आले नाही. एक बाबागाडी आढळली.'

प्रमिलाबाई अजून उतरल्या नव्हत्या. सुनंदा झोक्याचा दोर घेऊन पंखापाशी उभी होती. "आई, चल ना, अंगण मोकळं झालं. निंबाला झोका बांधू."

"तू बांध," प्रमिलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी ताट नवऱ्याच्या हातात दिलं, कपाळावरचं कुंकू पदरानं टिपलं आणि कडब्यापाशी उभ्या असलेल्या भावाकडे वळल्या.

"अभिमन, तू असं कर. गोठ्यावर सिमेंटचे पत्रे टाक."